पडदा दोघांचा, भाषा एकाचीच?

विद्यापीठांच्या भाषाविभागांतून ‘आंतरराष्ट्रीय संवादकौशल्य’ या नावाखाली जे काही शिकविले जाते, त्यातील एका प्रकाराला आमचा स्पष्ट विरोध आहे. दोन देशांतील विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर समोरासमोर बसवावयाचे, दोघांनाही इंग्रजीतच बोलावयास लावावयाचे आणि एकाचे उच्चार दुसऱ्याने दुरुस्त करावयाचे, यास संवाद म्हणणे आम्हास मान्य नाही. तेथे एक जण कायमचा परीक्षक होतो व दुसरा कायमचा परीक्षार्थी.

हे अपरिहार्य आहे, असे सांगणाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९९७ साली सुरू झालेला ‘कल्चुरा’ हा उपक्रम पाहावा. जिल्बेर्त फ्युर्स्टेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेंच शिकणारे अमेरिकन आणि इंग्रजी शिकणारे फ्रेंच विद्यार्थी यांच्यापुढे एकच प्रश्नावली दोन भाषांत ठेवली. उत्तरे मात्र प्रत्येकाने स्वतःच्या भाषेत द्यावयाची! परभाषेच्या तासाला मातृभाषेत लिहावयाचे, हे ऐकणाऱ्यास विपरीत वाटेल. परंतु त्यामुळे कोणीच तोतरे ठरत नाही, मनातले पुरते मांडता येते आणि समोरच्यास अस्सल भाषा वाचावयास मिळते. मग उत्तरे शेजारी-शेजारी ठेवून चर्चा होते. ‘व्यक्तिवाद’ या शब्दासरशी अमेरिकन मुलांना स्वातंत्र्य आठवले, फ्रेंच मुलांना स्वार्थ. शब्दकोशाच्या लेखी दोन्ही शब्द एकच आहेत. ही दरी उच्चार घासूनपुसून कशी दिसली असती?

ब्राझीलमधील साओ पाउलो राज्य विद्यापीठाच्या ‘टेलेटँडेम’ने २००६ पासून बोलण्यालाही असाच नियम लावला. भेटीचा निम्मा वेळ एका भाषेस, निम्मा दुसरीस, भेसळ नाही. पोर्तुगीज शिकू पाहणाऱ्या परदेशी सोबत्याचा ब्राझीलचा विद्यार्थी गुरू होतो आणि घटकाभराने त्याचाच शिष्य.

आता यंत्रच क्षणात भाषांतर करते, मग हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न काही शहाणे करतात. यंत्र ‘व्यक्तिवाद’ला फ्रेंच प्रतिशब्द देईल आणि तेथेच थांबेल. तो शब्द ऐकून समोरच्याच्या कपाळावर आठी का पडली, हे त्या माणसालाच विचारावे लागते. आणि विचारण्याचे धैर्य बरोबरीच्या नात्यातूनच येते.

आपली मुलेमुली येथील विद्यापीठांत भाषा शिकत आहेत. अशा अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी आपण विभागप्रमुखांना विचारावे: कोणत्या भाषेला किती मिनिटे? प्रश्न कोण ठरविणार? चुका कोणाच्या काढल्या जाणार? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत धनादेशावर सही करू नये.