विश्लेषण : नौदलातील अग्निवीर अधिकारी होऊ शकतो का? त्यासाठी वाटा कोणत्या, अडथळे कोणते?

नौदलातील अग्निवीरांची पहिली तुकडी नोव्हेंबर २०२२ मध्ये ओडिशातील ‘आयएनएस चिल्का’ येथे दाखल झाली आणि मार्च २०२३ मध्ये प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस संपतात. योजनेनुसार जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर नियमित सेवेत जातील. उरलेल्यांपैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न आहे : गणवेश कायम ठेवून अधिकारी होता येईल का? उत्तर ‘हो’ असे असले, तरी वयाचे गणित अवघड आहे.

प्रशिक्षणात फरक काय?

‘चिल्का’ येथे नौसैनिक घडतात. तेथे शिस्त, कवायत, पोहणे आणि शस्त्रांची प्राथमिक ओळख यांवर भर असतो. त्यानंतर जहाजावरील सराव आणि शाखेनुसार प्रशिक्षण होते. अधिकारी घडवणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत : खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए), केरळमधील एळिमलाची नौदल अकादमी आणि डेहराडूनची भारतीय सैन्य अकादमी (आयएमए). तेथे पदवी शिक्षण किंवा त्यापुढील लष्करी प्रशिक्षणाबरोबर नेतृत्वाची तयारी करून घेतली जाते. नौसैनिक म्हणून मिळालेला अनुभव तेथे उपयोगी पडतो. पण सुरुवात कॅडेट म्हणून नव्यानेच करावी लागते.

एनडीएचा मार्ग किती खुला?

एनडीएच्या परीक्षेला सेवेतील नौसैनिकही बसू शकतात. अट अशी, की पहिली पसंती नौदलाला द्यावी लागते आणि कमान अधिकाऱ्याची शिफारस लागते. लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि सेवा निवड मंडळाची (एसएसबी) मुलाखतही ९०० गुणांची असते. खरी अडचण वयाची आहे. अभ्यासक्रम सुरू होताना उमेदवार साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांचा असावा लागतो. अग्निवीर भरतीची वयोमर्यादा मात्र साडेसतरा ते २१ अशी आहे. म्हणजे अनेकांचे एनडीएचे वय ‘चिल्का’त पोहोचण्याआधीच उलटलेले असते. शिवाय एनडीएच्या नौदल शाखेसाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. ‘एमआर’ प्रवर्गात दहावीच्या आधारावर भरती झालेल्यांना ही दारे उघडण्यासाठी आधी बारावी करावी लागते.

नियमित सेवेत गेलेल्यांसाठी काय?

त्यांच्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला नौदलातलाच : गुणवान नौसैनिकांना शिफारस, परीक्षा आणि एसएसबी यांतून अधिकारीपद देण्याची ‘कमिशन वर्दी’ योजना. दुसरा ‘आर्मी कॅडेट कॉलेज’चा (एसीसी). किमान दोन वर्षे सेवा झालेले, बारावी उत्तीर्ण आणि २० ते २७ वयोगटातील तिन्ही दलांचे जवान तेथे अर्ज करू शकतात. तीन वर्षांत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते आणि पुढचे वर्ष आयएमएमध्ये जाते. ही संस्था १९६४ ते १९७७ या काळात पुण्यात होती. मात्र येथून बाहेर पडणारा अधिकारी लष्कराचा असतो, नौदलाचा नव्हे.

चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांचे काय?

त्यांच्यासाठी सर्वात व्यवहार्य मार्ग म्हणजे पदवी घेऊन ‘सीडीएस’ परीक्षा देणे. अग्निवीरांसाठी ‘इग्नू’ने तीन वर्षांचा विशेष पदवी अभ्यासक्रम आखला असून, त्यातील निम्मे श्रेयांक सेवेतील कौशल्य प्रशिक्षणाचे धरले जातात. १८ व्या वर्षी भरती झालेला तरुण २२ व्या वर्षी पदवी हातात घेऊन बाहेर पडू शकतो. सीडीएसमधून आयएमएसाठी वयोमर्यादा साधारण २४ पर्यंत आहे. म्हणजे त्याला दोनेक वर्षे मिळतात. २१ व्या वर्षी भरती झालेल्याला ही संधी नाही; कारण बाहेर पडताना तो २५ वर्षांचा असतो. आणखी एक मेख आहे. सीडीएसमधून नौदल अकादमीसाठी अभियांत्रिकीची पदवी लागते. इतर पदवीधराला आयएमए किंवा चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीकडे, म्हणजे बहुतेकदा पुन्हा लष्कराकडे वळावे लागते. महिला अग्निवीरांसाठी चेन्नईचा पर्याय खुला आहे, आयएमएचा नाही.

याचा अर्थ काय?

समुद्रावर चार वर्षे घडवलेला तरुण अधिकारी व्हायला निघाला, की त्याची वाट बहुतेकदा जमिनीकडे वळते. यात त्याचे नुकसान नाही, पण नौदलाने त्याच्यावर केलेला खर्च आणि त्याने मिळवलेला अनुभव दुसऱ्या दलाकडे जातो. सागरी अनुभव असलेल्या पदवीधर अग्निवीरासाठी अभियांत्रिकीची अट नसलेल्या नौदल शाखांत काही जागा राखता येतील का, याचा विचार पहिली तुकडी बाहेर पडतानाच व्हायला हवा. तोपर्यंत भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी हिशेब सरळ आहे : अधिकारी व्हायचे असेल, तर भरतीचे वय जितके कमी, तितकी संधी जास्त, आणि पदवीचा अर्ज पहिल्याच वर्षी भरावा, शेवटच्या वर्षाची वाट पाहू नये.