विद्या विकली म्हणे!

आमच्या सीताबर्डीला एक जुनी खोड आहे. एखाद्या निवृत्त खेळाडूने परदेशी संघाला खेळ शिकवायला घेतले, की चहाच्या टपरीवरची मंडळी त्याच्या देशभक्तीचा पंचनामा सुरू करतात. ‘आपली विद्या परक्याला विकली!’ हा शेरा मी इतक्या वेळा ऐकला आहे, की दिवाळीचा फराळ पुढ्यात असतानाही गप्प बसवत नाही.

संदीप पाटलांचेच घ्या. १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला हा मुंबईकर फलंदाज. १९९६ मध्ये भारतीय संघ शिकवण्यासाठी त्यांच्या हाती दिला आणि काही महिन्यांतच काढून घेतला. पुढे केनियाने त्यांना बोलावले. कसोटीचा दर्जाही नसलेल्या त्या संघाने २००३ च्या विश्वचषकात नैरोबीला श्रीलंकेचा ५३ धावांनी पराभव केला. कॉलिन्स ओबुया या पोराने २४ धावांत ५ गडी टिपले. सुरक्षेच्या कारणावरून न्यूझीलंडवाले नैरोबीला फिरकलेच नाहीत, ते गुण आयते मिळाले, हे कबूल. पण श्रीलंकेवरचा आणि मागाहून झिंबाब्वेवरचा विजय काही कोणी ओवाळणीत घातला नव्हता!

मग २० मार्चला डर्बनला उपांत्य सामना, आणि समोर साक्षात भारत. आपण ९१ धावांनी जिंकलो, तरी बर्डीवरची कुजबुज थांबेना: पाटलांनी आपल्या पोरांच्या उणिवा त्यांना सांगितल्याच असतील! अहो, सांगितल्याच असतील. मग काय करायला हवे होते? पगार पुरा घ्यायचा आणि शिकवायचे अर्धे? असला मास्तर आपल्या बंड्याच्या शिकवणीला तुम्ही ठेवाल का? आणि त्याच सामन्यात भारताचे प्रशिक्षक कोण होते? न्यूझीलंडचे जॉन राईट! त्यांची विद्या मात्र आपल्याला गोड लागली.

फुटबॉलमध्ये हे दुखणे फार जुने. लँकेशायरचा जिमी होगन बर्नली, फुलहॅम, बोल्टन या संघांतून खेळला आणि मग ऑस्ट्रिया-हंगेरीत जाऊन पोरांना चेंडू ताब्यात ठेवायला शिकवू लागला. मायदेशाला त्याची मातब्बरी वाटली नाही. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये त्याच्या हाताखालच्या ऑस्ट्रियाने रौप्यपदक मिळवले. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे धुतले, तेव्हा हंगेरीची मंडळी मोकळ्या मनाने होगनचे ऋण मानती झाली. घरच्या काही शहाण्यांनी मात्र त्याला फितूर ठरवले. पिकते तिथे विकत नाही, आणि दुसरीकडे विकले गेले तर पिकवणारा चोर!

आता बर्डीकरांनी जरा आपल्याच घरात पाहावे. चंद्रकांत पंडित मुंबईचे. ते विदर्भाला शिकवायला आले आणि २०१७-१८ मध्ये आपण रणजी करंडक प्रथमच जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा. रणजीत मुंबई म्हणजे आपला प्रतिस्पर्धीच. तरी तेव्हा एकानेही नाक मुरडले नाही.

इथून चार कोसांवर कामठी आहे. तिथे फुटबॉलपायी नडग्या फोडून घेतलेली किती तरी माणसे आज घरी बसून आहेत. त्यांतल्या एखाद्याला उद्या नेपाळ-भूतानचे बोलावणे आले, तर टपरीवर पंचनामा जरूर करा. फक्त त्याआधी तुमच्या शाळेच्या मैदानावर त्याला किती वेळा बोलावले होते, तेवढे सांगा.