गोलीला प्रशिक्षक करा

चुडावा हे पूर्णा आणि नांदेडच्या मधलं रेल्वे स्थानक. पूर्णा तालुक्यातल्या या गावातला मुलगा बारावीनंतर बहुधा पूर्णेला नाहीतर नांदेडला कॉलेजात जातो. उंची बरी असेल आणि पडायची भीती नसेल, तर फुटबॉलच्या संघात त्याला हमखास गोलपोस्टमध्ये उभं करतात. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तो दोन-तीन वर्षं खेळतो. पदवीची शेवटची परीक्षा झाली की त्याचा फुटबॉलही संपतो. हातमोजे खुंटीला जातात आणि पहाटे पोलीस भरतीसाठी धावणं सुरू होतं.

हा मुलगा असा हातचा जाऊ देणं मराठवाड्याला परवडणारं नाही. शाळांना फुटबॉल शिकवणारा माणूस मिळत नाही, ही इथली जुनी तक्रार आहे. आणि शिकवण्याच्या कामाला निम्मा तयार झालेला माणूस याच भागातून दरवर्षी निमूटपणे घरी परततो.

गोलरक्षकच का? नव्वद मिनिटांतला बहुतेक वेळ त्याच्याजवळ चेंडू नसतो. तो बघत असतो. डावा बचावपटू पुढं गेला की मागं किती जागा उघडी पडते, मधल्या फळीतला कोण दमला, कॉर्नरच्या वेळी कुणाचा माणूस मोकळा सुटला, हे सगळं त्याला समोर दिसतं. दिसलेलं वेळेत आणि मोजक्या शब्दांत ओरडून सांगणं हे तर त्याचं कामच. 1992 मध्ये बॅकपासचा नियम बदलला आणि सहकाऱ्यानं पायानं मुद्दाम मागं दिलेला चेंडू हातात घेण्याची सोय गेली. तेव्हापासून गोलरक्षकाला पायानंही खेळावं लागतं. म्हणजे हल्लाही त्याच्यापासूनच सुरू होतो.

इटलीचे दिनो झोफ यांनी 1982 चा विश्वचषक कर्णधार म्हणून, वयाच्या चाळिशीत जिंकला आणि पुढं प्रशिक्षक म्हणून संघाला 2000 च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. सेविया संघाला 2020 मध्ये युरोपा लीग जिंकून देणारे हुलेन लोपेतेगी हेही गोलरक्षकच. पण आपल्या चुडाव्याच्या मुलाला जवळचं उदाहरण इंग्लंडच्या बॉब विल्सन यांचं आहे. लफबरो कॉलेजात शारीरिक शिक्षणाचं प्रशिक्षण घेतलेला हा गोलरक्षक लंडनमध्ये शाळामास्तर होता आणि हौशी खेळाडू म्हणून आर्सेनलमध्ये आला. 1970-71 च्या हंगामात लीग आणि एफए कप दोन्ही जिंकणाऱ्या संघाचा तो गोलरक्षक होता. खेळणं थांबवल्यावर कित्येक वर्षं त्यानं आर्सेनलचे गोलरक्षक घडवले, त्यांत डेव्हिड सीमनसारखा मोठा खेळाडूही आला. शाळेत शिकवण्याची सवय त्याला इथं उपयोगी पडली, असंच म्हणायला हवं.

आपल्या शेजारी गोव्यात ब्रह्मानंद शंखवाळकर आहेत. ताळगावात जन्मलेले, साळगावकर संघाचे गोलरक्षक, ऐंशीच्या दशकात भारताचे कर्णधार. 1983-84 च्या संतोष करंडकात गोव्याच्या विजेत्या संघाचं गोलजाळं त्यांनी राखलं. अर्जुन पुरस्कार त्यांना 1997 मध्ये मिळाला आणि पद्मश्री 2022 मध्ये. निवृत्तीनंतर तेही पुढच्या गोलरक्षकांना शिकवण्याकडे वळले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं अध्यक्षपद 2022 मध्ये मिळवणारे कल्याण चौबेही गोलरक्षकच होते. तेव्हा ही जागा कोपऱ्यातली आहे असं कुणी समजू नये.

एक आक्षेप मात्र खरा आहे. गोलरक्षकानं मधल्या फळीत धावून चेंडू हिसकावलेला नसतो, ड्रिबलिंग फारसं केलेलं नसतं. नुसत्या अनुभवावर तो दहा वर्षांच्या पोरांना पासिंग शिकवायला उभा राहिला, तर नुकसान पोरांचंच होईल. म्हणून त्यानं शिकलं पाहिजे. महासंघाचा ‘डी’ परवाना ही सुरुवातीची पायरी, पुढं ‘सी’, ‘बी’ आणि ‘ए’. आशियाई महासंघाचे गोलरक्षक-प्रशिक्षकांसाठी वेगळे अभ्यासक्रम आहेत. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्गही चालतो. गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळ गावच्या अंजू तुरंबेकर याच परवान्यांच्या वाटेनं ‘ए’ पर्यंत पोचल्या आणि महासंघाच्या तळागाळातल्या कामाची धुरा त्यांनी सांभाळली. पण त्यांच्या कोल्हापूर जिल्ह्यात पेठापेठांत आणि तालमीतालमींत फुटबॉल आहे, पाठीवर हात ठेवणारं कुणीतरी भेटतंच. पूर्णा तालुक्यात तसं कोण भेटणार?

न शिकलेला प्रशिक्षक काय करतो, हे काळ्या जमिनीवर लगेच कळतं. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि दगडासारखी कडक होते. अशा मैदानावर ‘मार उडी’ म्हणून पोराला आडवं पाडलं की पहिल्याच दिवशी कोपर आणि कंबर सोलून निघते, आणि दुसऱ्या दिवशी ते पोरगं येत नाही. जाणता माणूस आधी त्याला बसवून बाजूला कलायला शिकवतो, मग गुडघ्यावरून, मग उकिडवं बसून आणि शेवटी उभ्यानं. मांडीचा आणि खांद्याचा भाग आधी टेकला पाहिजे, कोपर कधीच नाही. दोन्ही अंगठे जवळ आणून तळवे चेंडूमागं कसे धरायचे, हे भिंतीवर चेंडू मारून घरीही घोटता येतं. पूर्ण मापाचा गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो. चौथीतल्या पोराला त्यात उभं करणं म्हणजे त्याचा धीर खचवणं. स्वतः अशा मैदानावर सोलून निघालेल्या गोलरक्षकाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

15 सप्टेंबर 2017 रोजी, 17 वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला. शाळांना चेंडू दिले गेले. उपक्रम चांगलाच होता. पण चेंडूबरोबर शिकवणारा माणूस दिला नाही, तर 16 सप्टेंबरला तो चेंडू कपाटात जातो. चेंडू विकत आणता येतो. माणूस घडवायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं या कॉलेजच्या पोरांनी आधीच घातलेली असतात.

पोटापाण्याचा प्रश्न उरतोच, आणि तो टाळून चालणार नाही. सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण राज्य आणि राष्ट्रीय स्तरावरच्या कामगिरीवर मिळतं. विद्यापीठाच्या स्पर्धेपुढं न गेलेल्या गोलरक्षकाच्या ते कामाचं नाही. बीपीएड करूनही जागा निघेपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून आधी मानधनाचं काम हवं: शाळा सुटल्यावर पाचवी ते आठवीच्या मुलामुलींचा एक गट, सहा चेंडू, आठवड्यातून तीन संध्याकाळी. शाळांच्या सुब्रतो करंडकात मुलींचीही स्पर्धा असते, त्यामुळे कॉलेजच्या मुलींच्या संघातली गोलरक्षकही या कामात हवी.

विद्यापीठाच्या क्रीडा विभागानं येत्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपासूनच शेवटच्या वर्षाच्या गोलरक्षकांची यादी करावी. त्यांचं ‘डी’ परवान्याचं शुल्क भरावं. या परवान्याचा वर्ग वर्षातून एकदा नांदेडला किंवा परभणीला घेण्याचा आग्रह राज्य फुटबॉल संघटनेकडे धरावा. तीच यादी नांदेड, परभणी, हिंगोली आणि लातूरच्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जून उजाडायच्या आत पोचली, तर शाळा उघडताना मुख्याध्यापकांच्या हातात निदान एक नाव आणि एक फोन नंबर असेल.