गाळ कोणाचा, पक्षी कोणाचे?

आश्विन लागला की नांदूर मधमेश्वरच्या जलाशयावरील सकाळ मुद्दाम जाऊन पाहण्यासारखी असते. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी हा जलाशय आहे. पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि उजाडण्यापूर्वीच लव्हाळ्यांतून जांभळ्या पाणकोंबड्यांचा कलकलाट सुरू होतो. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी पक्षी थव्याथव्याने पोहत असतात. हे नाव ज्या कोणाला प्रथम सुचले, त्याच्या दृष्टीला दाद दिली पाहिजे. कमळपक्षी आपल्या लांब बोटांच्या आधाराने तरंगत्या पानांवरून चालतात. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच उथळ पाण्यात बुडवून उभे राहतात आणि माशाचा स्पर्श होताच ती मिटतात. उत्तरेकडून येणाऱ्या बदकांच्या पहिल्या तुकड्या उतरू लागलेल्या असतात. त्यांची खरी गर्दी मार्गशीर्ष-पौषातली. त्याच पाण्यात कोणी जाळे ओढीत असतो, आणि काठावर चरणाऱ्या म्हशींच्या पायांशी गायबगळे किडे टिपत असतात.

हे सारे निसर्गदत्त आहे असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः ते माणसाच्या हातून, आणि तेही अजाणता, घडलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे दगडी बंधारा बांधला गेला, तो कालव्यांना पाणी देण्यासाठी. पुढे नदीने वर्षानुवर्षे आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, त्यातून बेटे आणि उथळ दलदल तयार झाली, पाणवनस्पती रुजल्या आणि पक्षी आले. 1986 मध्ये हे क्षेत्र अभयारण्य झाले. रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्याची निवड झाल्याचे 2020 च्या जानेवारीत जाहीर झाले. महाराष्ट्रातील असे हे पहिलेच स्थळ होय.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात गाळ हा निव्वळ तोटा, कारण त्याने साठवण घटते. पक्ष्यांच्या दृष्टीने तोच गाळ हे मूळ भांडवल. परंतु तिसराही एक हिशेब आहे, आणि अभयारण्याचे कौतुक करणारे तो सहसा मांडीत नाहीत. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये चांदोरी, सायखेडा या गोदाकाठच्या गावांत पुराचे पाणी शिरले. वरच्या धरणांतून सोडलेले पाणी बंधाऱ्यामागील गाळामुळे तुंबते, अशी तेथील लोकांची तक्रार आहे. ज्याच्या घरात पाणी शिरले, त्याने पक्ष्यांसाठी गाळ राहू द्यावा असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? लाभ सर्वांचा आणि भार मात्र मोजक्यांच्या माथी, ही व्यवस्था न्याय्य नाही आणि म्हणूनच ती टिकणारीही नाही.

या जलाशयाला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ असे गौरवाने म्हटले जाते. म्हणणाऱ्यांनी मूळ भरतपूरचा इतिहासही आठवावा. संस्थानी काळात ते शिकारीचे राखीव तळे होते. 1938 मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांवर पक्षी मारले गेले. साहेबांच्या बंदुकांना ते तळे मोकळे होते. पुढे राष्ट्रीय उद्यान झाल्यावर 1982 मध्ये गावकऱ्यांच्या गुरांना मात्र तेथे बंदी झाली. संघर्ष पेटला, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे प्राणास मुकली. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून निघालेला निष्कर्ष डोळे उघडणारा होता. म्हशींचे चरणे थांबताच पाणगवत बेसुमार माजले, उघडे पाणी आक्रसले आणि ज्या पक्ष्यांसाठी बंदी घातली त्यांनाच ती बाधली. म्हैस त्या पाणथळीची शत्रू नव्हती, तिच्या व्यवस्थेचाच एक भाग होती. हे तेथील गुराख्यांना विचारण्याची गरज बंदी घालणाऱ्यांस वाटली नव्हती.

सामायिक मालमत्तेचा नाश अटळ आहे, असा सिद्धांत गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडला. त्यातून एकतर सरकारी कुंपण किंवा खाजगी मालकी, एवढे दोनच उपाय आहेत असा समज रूढ झाला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी देशोदेशींची कुरणे, कालवे आणि मासेमारीची क्षेत्रे अभ्यासून दाखवून दिले की वापरणारे लोक स्वतः नियम करतात आणि पाळतातही. मात्र नियम करण्याचा अधिकार त्यांच्याकडे असावा लागतो. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या शासनव्यवहारात मात्र हा विचार अजून रुजलेला नाही.

कायद्याचीही मौज पाहा. केंद्र सरकारच्या 2017 च्या पाणथळ जागाविषयक नियमांच्या व्याख्येतून खास सिंचनासाठी बांधलेल्या रचना वगळल्या आहेत. नांदूर मधमेश्वरला अभयारण्याचे आणि रामसरचे छत्र लाभले. पण महाराष्ट्रात हिवाळी पाहुणे ज्या असंख्य लहानमोठ्या तलावांवर उतरतात, त्यांतील बहुतेक सिंचनाचेच आहेत. तेथे भराव पडला, सांडपाणी आले, जलपर्णी माजली, तर या नियमांचा आधार नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. गाळाचा प्रश्न मच्छीमार, गुराखी, पूरग्रस्त शेतकरी आणि पक्षी-अभ्यासक यांच्यासमोर ग्रामसभेत उघडपणे मांडला जावा; कोठला गाळ काढायचा आणि कोठला राखायचा हे तेथे चर्चेने ठरावे. पुराचा भार सोसणाऱ्यास भरपाई ही कृपा म्हणून नव्हे, हक्क म्हणून मिळावी. वरच्या शहरांचे सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडले जावे, असा आग्रह धरावा. आणि आपल्या तालुक्यातील प्रत्येक तलावाची नोंद गावकऱ्यांनीच करावी: पाणी किती, वापर कोणाचा, पक्षी कोणते. त्यासाठी आश्विनातल्या चार सकाळी काठावर घालवाव्या लागतील. आपल्या शिबिरांच्या कार्यक्रमपत्रिकेत तेवढी जागा निश्चितच काढता येईल.