वजूचं पाणी आणि शेजाऱ्याचा नळ

आमच्या मोहल्ल्यात चार दिवसांआड नळाला पाणी येतं. पाणी सुटलं की गल्लीभर मोटारींची घरघर सुरू होते. ज्याची मोटार मोठी, त्याची टाकी आधी भरते. मागच्या पावसाळ्यात गल्लीच्या टोकाच्या घरांत, जिथे मोटार घ्यायची ऐपत नाही, नळाच्या पाण्याला गटाराचा वास येऊ लागला. आठवडाभरात सात-आठ मुलं जुलाबाने आजारी पडली. सगळ्यांनी नगरपालिकेला शिव्या दिल्या. मीही दिल्या. पण माझीही मोटार थेट नळालाच जोडलेली होती.

नळातून पाणी फक्त येतं, असं आपल्याला वाटतं. ते परतही जातं. लाइनमध्ये दाब असतो तोवर पाइपला भेग असली तरी पाणी बाहेर झिरपतं, बाहेरची घाण आत येत नाही. पाणी बंद झालं, दाब गेला किंवा मोटारीने लाइन ओढून घेतली, की सगळं उलटं होतं. गटारातून गेलेल्या जोडणीचा सैल सांधा गटाराचं पाणी आत ओढतो. बादलीत बुडवून ठेवलेली नळी बादलीतलं पाणी लाइनमध्ये परत नेते. ते शेजाऱ्याच्या नळातून बाहेर पडतं.

हा फक्त गरीब वस्त्यांचा प्रश्न नाही. 1933 साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या हॉटेलांतल्या सदोष जोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात शिरलं आणि आमांशाची साथ पसरली. सुमारे 1400 लोक आजारी पडले, 98 जण दगावले.

आमच्या मशिदीतही मी पाहिलं. वजूच्या हौदात नळाचा पाइप पाण्याखाली बुडालेला, आणि बोअरची लाइन नळाच्या लाइनला एका साध्या व्हॉल्व्हने जोडलेली. झोपेतून उठल्यावर हात धुतल्याशिवाय भांड्यात घालू नये, ही पैगंबरांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. स्वतःच्या भांड्याबद्दल एवढी काळजी सांगणारा दीन मोहल्ल्याच्या भांड्याबद्दल बेफिकीर कसा असेल? जलवाहिनी हे सगळ्यांचं मिळून एकच भांडं आहे. ते नासवणं हा बंद्यांच्या हक्काचा, म्हणजे हुकूक-उल-इबादचा प्रश्न आहे, आणि असा हक्क मारला तर नुसत्या तौबाने सुटका होत नाही, हेही आपल्याला शिकवलेलं आहे.

उपाय महागडे नाहीत. हौद असो वा टाकी, पाइपचं तोंड पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा उंच ठेवायचं. मधलं अंतर पाइपच्या व्यासाच्या निदान दुप्पट हवं. बोअर आणि नळ यांची लाइन कधीच जोडायची नाही. नळाचं पाणी आपल्या दाबाने जमिनीतल्या टाकीत पडू द्यायचं आणि मोटार त्या टाकीला लावायची. एकतर्फी व्हॉल्व्हही बसवावा, पण तो बिघडू शकतो. मोकळी जागा बिघडत नाही.

यात नगरपालिकेची सुटका नाही. गटारातल्या जोडण्या बाहेर काढणं, फुटक्या लाइनी बदलणं आणि रोज पाणी देणं ही तिचीच जबाबदारी आहे. लाइन चार-चार दिवस रिकामी राहते म्हणून तर घाण आत शिरते. पण आपल्या हातात मोटारीची पिन असताना नुसता मोर्चा काढणं मला आता पटत नाही.

"सगळे लावतात, मी एकट्याने काढली तर मला पाणीच मिळणार नाही," हे लोकांचं म्हणणं खोटं नाही. मी मोटार काढली तेव्हापासून माझी टाकी अर्धीच भरते. म्हणूनच हे एकट्याने नाही, गल्लीने मिळून करायचं काम आहे. मशिदीच्या ट्रस्टींनी आधी हौदाचा पाइप वर घ्यावा, मग जुम्म्याच्या बयानात हा विषय काढावा. पलीकडच्या आळीतल्या गणेश मंडळाशीही बोलावं लागेल. त्यांची आणि आमची लाइन एकच आहे.