एकच पाटी, दोन गिऱ्हाइके

परवा पेन्शनच्या कामासाठी एका संकेतस्थळावर गेलो. परवलीचा शब्द टाकला, पान उघडले आणि 'नमस्कार'च्या पुढे एका अनोळखी बाईंचे नाव! खाली त्यांचा पत्ता, रक्कम, सगळेच. दचकून पान बंद केले. फोन केला तर उत्तर मिळाले, "रिफ्रेश करा काका, होते असे कधी कधी."

माझा एक जुना विद्यार्थी प्रोग्रामिंगमध्ये आहे. त्याने मला लकडगंजच्याच भाषेत समजावले. "सर, टालावरचे मुनीमजी आठवा. दोन गिऱ्हाइके एकदम आली आणि पाटी एकच असली, तर पहिल्याच्या सागवानाचा हिशेब होण्याआधीच तिच्यावर दुसऱ्याचे माप लिहिले जाते. बिल पहिल्याच्या हाती, आकडे दुसऱ्याचे." सर्व्हर एकाच वेळी अनेकांची कामे करतो, प्रत्येक कामाचा धागा, म्हणजे थ्रेड, वेगळा. जावाच्या सर्व्हलेटमध्ये तर ऑब्जेक्ट सहसा एकच असतो आणि सगळे थ्रेड त्याच्यातूनच जातात. तिथे सामाईक जागी माणसाचे नाव ठेवले की झाला घोटाळा! ते ज्याच्या त्याच्या सेशनमध्ये हवे. एकट्याने तपासले तर ही चूक दिसतही नाही, गर्दी झाली की दिसते.

चूक कोणाचीही होते हो. प्रोग्रामर मंडळी जिथे आपले काम ठेवतात, त्या गिटहबवरही २०२१ साली हेच झाले. २ मार्चला बाहेरून तक्रार आली. दोन थ्रेडच्या शर्यतीत एकाचे सेशन क्वचित दुसऱ्याच्या ब्राउझरला जात होते. प्रमाण ०.००१ टक्क्याहूनही कमी. तरी त्यांनी दुरुस्ती करून ८ मार्चला सगळ्याच वापरकर्त्यांना लॉग आउट केले, ज्यांना झळ पोचली त्यांना कळवले आणि कारण जाहीरपणे लिहिले.

आपल्याकडे मात्र 'सर्व्हर डाउन' आणि 'भलत्याचे पान दिसले' या दोन्ही तक्रारींना एकच औषध, रिफ्रेश. माझ्या मते साइट दोन दिवस बंद राहिलेली परवडली. दुकान बंद असले तर माणूस परत येतो, पण आपली वही दुसऱ्याला दाखवणाऱ्या मुनीमजींकडे कोण जाईल?

त्या कार्यालयाला पोस्टाने पत्र टाकले आहे. (ईमेलला उत्तर आले नाही.) दोनच प्रश्न विचारलेत. त्या बाईंना हे कळवले का? आणि त्या वेळी माझे पान कोणासमोर उघडले होते?