अब्बांच्या गाडीचा धूर

मागच्या महिन्यात अब्बांच्या प्रीमियर पद्मिनीचे पीयूसी संपले, म्हणून आम्ही गाडी तपासणीला नेली. गाडी १९८६ ची. इतक्या जुन्या पेट्रोल गाडीच्या धुरात, ती उभ्या जागी चालू असताना, ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. आमचा आकडा ५.४ आला. तपासणारा मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, थोडे वर द्या. नळी दुसऱ्या गाडीला लावतो, नंबर तुमचा टाकतो."

अब्बा स्टेअरिंगवरच बसले होते. "आणि आपला धूर कोणाच्या नाकात जाईल, बेटा?" एवढेच विचारून त्यांनी गाडी वळवली.

खरे सांगायचे तर घरी येताना मी वैतागले होते. पेपर तपासायचे पडले होते आणि आता रविवार गाडीत जाणार हे दिसत होते.

नव्या गाड्यांत पेट्रोल किती सोडायचे ते कॉम्प्युटर ठरवतो. पद्मिनीत ते काम कार्बोरेटरचे. पितळी जेटची बारीक भोके, एक तरंगता फ्लोट आणि एक सुई. फ्लोट वर आला की सुई पेट्रोल अडवते, अगदी पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखे. सुई झिजली की पेट्रोल जास्त चढते आणि धूर काळा येतो.

एका मिस्त्रीने आख्खा कार्बोरेटरच बदला म्हणून सांगितले होते. अब्बांनी आधी प्लग काढले. टोके बिस्किटाच्या रंगाची हवीत, ती काजळासारखी काळी होती. मग पॉइंटची फट पाहिली, टायमिंग पाहिले, एअर फिल्टर झटकला. "कार्बोरेटरवर आळ घेण्याआधी बाकीच्यांची चौकशी करावी," ते म्हणाले.

रविवारी फज्रनंतर अंगणात चादर अंथरली. बॅटरीची वायर काढली, पेट्रोल डब्यात उतरवले. माझी नववीतली मुलगी प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाइलवर फोटो घेत होती आणि काढलेला भाग इडलीच्या जुन्या साच्यात क्रमाने ठेवत होती. (तो साचा आता स्वयंपाकघरात परत येणार नाही.) एक जेट बुजलेला दिसला. तिने सेफ्टी पिन उचलली, तसा अब्बांनी तिचा हात धरला. पितळ मऊ असते. भोक केसभर जरी मोठे झाले तरी पेट्रोल कायमचे जास्त जाते. क्लीनर फवारून, पंक्चरवाल्याकडे हवा मारून तो मोकळा केला.

फ्लोट कानाजवळ हलवून पाहिला. आत पेट्रोल शिरले असते तर खळखळला असता. तो ठीक निघाला. सुईच्या टोकावर मात्र झिजेची गोल रेघ होती, पंपाचा पडदा कडक झाला होता आणि रबरी नळी बोटाने दाबली तर चिकटत होती. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनलेलेच नव्हते. ते फुगते, चिरते. शिवाय इथेनॉल पाणी ओढते, म्हणून महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी आतून जास्त बिघडते. आम्ही सुई, पडदा, गॅस्केट आणि नळ्या नव्या घातल्या.

मग ट्यूनिंग. इंजिन पुरते गरम झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. मिक्स्चरचा स्क्रू आधी अलगद, न आवळता आत बसवायचा आणि दीड फेरा बाहेर घ्यायचा. तिथून पुढे पाव-पाव फेरा फिरवत आवाज ऐकायचा. इंजिन जिथे सर्वांत वेगात आणि एकसारखे चालते, ती जागा. त्यानंतर दुसऱ्या स्क्रूने वेग खाली आणायचा.

हे काम अब्बा पूर्वी नुसत्या कानाने करायचे. दोन वर्षांपासून त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्याने थोडेसेच. त्यांनी पेचकस नातीच्या हातात दिला. "तू ऐक. मी हाताने बघतो," म्हणाले आणि तळहात मडगार्डवर टेकवला. ती फिरवत राहिली. इंजिन अडखळले, सावरले, पुन्हा अडखळले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "नाना, इथे." अब्बांची मान तिच्या बोलण्याच्या आधीच हलली होती.

सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघे पुन्हा तपासणीला गेलो. आकडा २.३ आला. अब्बांनी ठरलेली फी मोजून दिली आणि त्याच मुलाला बॉनेट उघडून कार्बोरेटर दाखवू लागले. त्याने तो इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या, पण त्यांतले एकाला ऐकू येत नव्हते आणि दुसरा ऐकत नव्हता.